दोन महायुद्धांमधला कॅनडा : पाच सेंटचं नाणं, वीस सेंटची मजुरी आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पीआरचे पॉइंट, मिसिसागातला गणपती आणि सरकारी खर्चाचा दवाखाना येतो. शंभर वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. खालचे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते आहेत, आणि त्याच क्रमानं घेतले आहेत असंही नाही. पैशांचे आकडे मुद्दाम दिले आहेत. या काळातलं तिथलं राजकारण सेंटांत मोजलं की लवकर कळतं.

हा काळ नेमका कधीपासून कधीपर्यंत धरायचा?

११ नोव्हेंबर १९१८ ते १० सप्टेंबर १९३९. शेवटची तारीख ३ सप्टेंबर का नाही, ते शेवटी येईल. १९३१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या एक कोटी चार लाखांच्या आसपास होती. म्हणजे आजच्या मुंबईपेक्षा कमी माणसं, आणि देश भारताच्या तिप्पट. निम्म्याहून जास्त लोक शहरांत राहायला लागल्याचं याच जनगणनेत पहिल्यांदा दिसलं.

तेव्हा कॅनडा स्वतंत्र होता का?

घरचा कारभार स्वतःचा, बाहेरचा लंडनचा. १९१४ साली ब्रिटननं युद्ध पुकारलं तेव्हा कॅनडा आपोआप युद्धात गेला, कुणी विचारलंही नाही. त्या युद्धात साठ हजारांहून जास्त कॅनेडियन मेले आणि परतलेल्यांचा सूर बदलला. १९२२ मध्ये तुर्कस्तानातल्या चनाकच्या तंट्यासाठी ब्रिटननं सैन्य मागितलं, तेव्हा पंतप्रधान मॅकेंझी किंग यांनी 'आधी पार्लमेंटला विचारतो' असं सांगून वेळ मारून नेली. पुढच्या वर्षी अमेरिकेशी हॅलिबट माशाच्या मासेमारीचा करार झाला आणि त्यावर कॅनडाच्या मंत्र्यानं एकट्यानं सही केली. मासा किरकोळ, सही मोठी. ११ डिसेंबर १९३१च्या वेस्टमिन्स्टर कायद्यानं ब्रिटिश पार्लमेंटचा कॅनडासाठी कायदे करण्याचा अधिकार जवळपास संपला. तरी शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच जायचं, ते १९४९ पर्यंत.

न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हतं. ते वेगळं डोमिनियन, म्हणजे साम्राज्यातला स्वतःचा कारभार असलेला देश, होतं. मंदीत ते कर्जात इतकं बुडालं की १९३४ मध्ये त्यानं आपली विधानसभा गुंडाळली आणि कारभार लंडननं नेमलेल्या आयोगाच्या हाती दिला. कर्जापायी निवडून दिलेलं सरकार परत करणारा दुसरा प्रदेश मला तरी आठवत नाही.

विनिपेगचा संप एवढा का गाजतो?

१९१९ मध्ये सैनिक घरी आले तेव्हा घरात फ्लू होता (त्या साथीत देशात सुमारे ५० हजार माणसं गेली), बाजारात महागाई होती आणि कारखान्यांत काम नव्हतं. विनिपेगमध्ये लोहकाम आणि बांधकाम कामगारांच्या संघटनांशी बोलायलाच मालक तयार नव्हते. शहराच्या कामगार परिषदेनं सगळ्यांचा एकत्र संप पुकारला, १५ मे रोजी सकाळी ११ वाजता. पण सकाळी सातलाच टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुली हेडफोन काढून बाहेर पडल्या आणि त्यांच्या जागी पुढच्या पाळीच्या मुली आल्याच नाहीत. म्हणजे शहराचा पहिला आवाज बंद केला तो बायकांनी. त्यानंतर जवळपास ३० हजार लोक कामावरून उतरले. ट्राम बंद, टपाल बंद, छापखाने बंद. लहान मुलांचं दूध अडू नये म्हणून दूध-पावाच्या गाड्या चालू ठेवल्या आणि त्यांवर 'संप समितीच्या परवानगीने' अशा पाट्या लावल्या. त्या पाट्यांनीच घात केला. शहरातल्या धनिकांना वाटलं, रशियात झालं तेच इथं होतंय.

पोलिसांची सहानुभूती संपाकडे होती, म्हणून जवळपास सगळं पोलीस दल बडतर्फ करून भाड्याचे 'विशेष' शिपाई नेमले. ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांनाही हद्दपार करता यावं म्हणून ओटावानं कायदा घाईघाईनं बदलला. २१ जूनला युद्धावरून आलेल्या सैनिकांनी मूक मोर्चा काढला. संप मोडायला बाहेर काढलेली एक ट्राम जमावानं तिरपी केली आणि आग लावली. घोडदळाचे पोलीस जमावात घुसले, गोळ्या झाडल्या, दोन माणसं मेली. पाच दिवसांनी संप मिटला. पदरात काही पडलं नाही.

पण पुढचं बघा. वर्षभरानं प्रांतिक निवडणूक झाली तेव्हा संपाचे तीन पुढारी तुरुंगात असताना आमदार झाले. त्यांतले जॉन क्वीन पुढे शहराचे महापौर झाले. संपाच्या बुलेटिनमधल्या लिखाणावरून ज्यांना पकडलं होतं ते माजी पाद्री जे. एस. वुड्सवर्थ १९२१ मध्ये खासदार झाले आणि मरेपर्यंत राहिले. किंग यांचं सरकार १९२६च्या सुरुवातीला एकेका मतावर तगलं होतं, तेव्हा वुड्सवर्थ आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं आपल्या दोन मतांची किंमत वसूल केली: म्हातारपणाचं पेन्शन. १९२७च्या त्या कायद्यानं सत्तरी ओलांडलेल्या गरिबाला महिन्याला जास्तीत जास्त २० डॉलर मिळू लागले. आधी गरिबी सिद्ध करावी लागे, ते वेगळं.

मॅकेंझी किंग भुतांशी बोलायचे, हे खरं का?

खरं. आईच्या आत्म्याशी, मेलेल्या मित्रांशी, इतकंच काय गेलेल्या कुत्र्याशीसुद्धा. रोज रात्री डायरी लिहायचे, त्यात सगळं आहे. त्यांच्या हयातीत लोकांना याचा पत्ता नव्हता. देश त्यांना एक कंटाळवाणा, लग्न न झालेला, प्रत्येक वाक्याला दोन अर्थ ठेवणारा गृहस्थ समजायचा. असा माणूस २१ वर्षांहून जास्त पंतप्रधान राहिला. माझ्या मते ते दोन अर्थच त्यांचं भांडवल होतं. इंग्रजी कॅनडा आणि फ्रेंच क्युबेक यांना एका गाडीत बसवायचं तर गाडी कुठे चालली आहे हे न सांगणंच बरं.

'किंग-बिंग' प्रकरण म्हणजे काय?

राज्यपाल आणि बहुमत हा विषय महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज नाही, म्हणून थोडक्यात. १९२५च्या निवडणुकीत किंग यांच्या जागा विरोधकांपेक्षा कमी आल्या, तरी शेतकऱ्यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या टेकूवर ते खुर्चीत राहिले. जून १९२६ मध्ये जकात खात्यातला लाचखोरीचा घोळ बाहेर आला. पडायच्या आधीच निवडणूक घ्यावी म्हणून किंग यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड बिंग यांच्याकडे सभागृह विसर्जित करायची मागणी केली. बिंग नाही म्हणाले. किंग यांनी राजीनामा दिला, विरोधी नेते आर्थर मीअन पंतप्रधान झाले आणि तीन-चार दिवसांत एका मतानं पडले. निवडणूक झालीच, आणि 'लंडनचा लॉर्ड आम्हाला शिकवणार का' या सुरावर किंग ती जिंकले.

आता आपल्याकडचा धागा. बिंग गेल्यावर त्यांच्या जागी आले लॉर्ड विलिंग्डन. सांगलीकरांना हे नाव नवं नाही. विश्रामबागेचं विलिंग्डन कॉलेज याच माणसाच्या नावाचं. १९१३ ते १९१८ ते मुंबईचे गव्हर्नर होते. ओटावात त्यांनी १९३१ पर्यंत पाहुणचार, गोल्फचा चषक, फिती कापणं असा शांत संसार केला, कारण तोपर्यंत त्या पदाकडे राजाचा प्रतिनिधी एवढंच काम उरलं होतं. तिथून ते थेट भारताचे व्हाइसरॉय झाले आणि जानेवारी १९३२ मध्ये गांधीजींना मुंबईत अटक करून येरवड्याला धाडलं. तोच माणूस, तेच साम्राज्य. ओटावात पंतप्रधानांच्या सल्ल्याबाहेर जायचं नाही आणि दिल्लीत कुणाला विचारायचं नाही.

बायका कायद्यानं 'माणूस' नव्हत्या म्हणजे काय?

शब्दशः तेच. १९१८ मध्ये बहुतेक स्त्रियांना केंद्रात मत मिळालं, १९२१ मध्ये ॲग्नेस मॅकफेल पहिल्या महिला खासदार झाल्या (आणि पुढची चौदा वर्षं त्या सभागृहात एकट्याच बाई होत्या). पण सेनेटवर (पार्लमेंटच्या वरच्या सभागृहावर) 'लायक व्यक्ती' नेमाव्यात असं घटनेत लिहिलेलं, आणि व्यक्ती म्हणजे पुरुष असा अर्थ सरकार लावायचं. एडमंटनच्या न्यायदंडाधिकारी एमिली मर्फी यांच्या पहिल्याच दिवसांत एका वकिलानं हाच आक्षेप घेतला होता: बाई, तुम्ही कायद्यानं व्यक्तीच नाही, निकाल कसला देता? मर्फींनी ते लक्षात ठेवलं. नेली मॅक्लंग, आयरीन पार्ल्बी, लुईस मॅकिनी आणि हेन्रिएटा म्यूर एडवर्ड्स या अल्बर्टातल्याच चौघींना सोबत घेऊन त्या कोर्टात गेल्या. एप्रिल १९२८ मध्ये कॅनडाचं सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही. १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल फिरवला. स्त्रियांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवणं हा रानटी काळाचा अवशेष आहे, असं निकाल देणारे न्यायाधीश लॉर्ड सँकी यांनी म्हटलं.

चार महिन्यांनी पहिल्या महिला सेनेटर झाल्या त्या केरीन विल्सन. मर्फी कधीच झाल्या नाहीत.

या पाचजणींचे पुतळे ओटावात आहेत, ते असावेतच. पण 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांची नसबंदी करण्याचा जो कायदा अल्बर्टानं १९२८ मध्ये केला, त्याच्या बाजूनं मर्फी आणि मॅक्लंग जोरात बोलत होत्या, आणि तो कायदा १९७२ पर्यंत टिकला, हेही पुतळ्याखाली उभं राहून आठवावं. आणि क्युबेकमध्ये बायकांना प्रांतिक मतदान मिळालं ते १९४० साली. मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या स्त्रियांना मत द्यायचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२१ मध्येच केला होता.

साध्या घरात रोजचं जगणं कसं होतं?

कुठल्या घरात, यावर आहे. टोरांटोच्या चांगल्या वस्तीत विजेचा दिवा, गॅसची शेगडी आणि दारात बर्फ टाकणारा माणूस होता. त्याच वर्षी सस्कॅचेवानच्या शेतावर रॉकेलचा दिवा, लाकडाची चूल आणि परसात पन्नास पावलांवर संडास. हिवाळ्यात उणे तीसमध्ये तिथवर जायचं. शनिवारी चुलीजवळ पत्र्याचं टब ठेवून आंघोळ, एकाच पाण्यात सगळी भावंडं, आधी धाकटी.

त्या घरातलं सर्वांत वाचलं जाणारं पुस्तक बायबलच्या खालोखाल ईटन्स या दुकानाचा कॅटलॉग होतं. वर्षातून दोनदा जाडजूड अंक टपालानं यायचा. त्यात कोट, नांगराचे भाग, लग्नाचे कपडे, एके काळी तर अख्ख्या घराचं लाकूडसामान नकाशासकट मागवता यायचं. इंग्रजी न येणारी युक्रेनियन आई चित्रावर बोट ठेवायची आणि शाळेत जाणारी मुलगी फॉर्म भरायची. जुना अंक वाया जात नसे. पोरं तो नडगीवर बांधून हॉकी खेळायची, आणि उरलेली पानं परसातल्या त्या खोलीत खिळ्याला. पिठाची पोती धुऊन त्यांचे परकर आणि उशांचे अभ्रे व्हायचे. छापलेलं गिरणीचं नाव कितीही घासलं तरी पुसट उरायचंच.

टेलिफोन असला तर एका तारेवर आठ-दहा घरं. प्रत्येक घराची घंटी वेगळी, एक लांब दोन आखूड अशी. कुणाचीही वाजली तरी सगळे हळूच उचलायचे. गावातली बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नसे.

मग रेडिओ आला. नोव्हेंबर १९३१ मध्ये टोरांटोचं मेपल लीफ गार्डन्स उघडलं आणि शनिवारी रात्री फॉस्टर ह्युइट बर्फाच्या मैदानावर उंच टांगलेल्या खोपटातून हॉकीचं वर्णन करू लागले. सुरुवातीला ते कॅनडाला नमस्कार करायचे, आणि मग अमेरिका नि न्यूफाउंडलंडमधल्या रसिकांना वेगळा. शेतावरचा रेडिओ बॅटरीवर चालायचा, म्हणून आठवडाभर तो बंद ठेवून बॅटरी शनिवारसाठी राखायची. लता-आशा ऐकायला बिनाका गीतमालाचा बुधवार राखणाऱ्यांना हे सांगायला नको. रेडिओवर अमेरिकन कार्यक्रमांचा पूर आला म्हणून सरकारनं १९३२ मध्ये एक आयोग नेमला, आणि १९३६ मध्ये त्यातून सीबीसी ही सरकारी प्रसारण संस्था उभी राहिली.

याच काळातली एक गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या हॉस्पिटलात एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं. बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लाउड यांचं हे काम. पेटंट टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एक डॉलरला दिलं. शोधाचं श्रेय कुणाचं यावर चौघांत जी भांडणं झाली ती मात्र एका डॉलरची नव्हती.

दारूबंदी होती का?

होती, प्रांतागणिक. ओंटारिओत १९१६ ते १९२७, प्रिन्स एडवर्ड बेटावर तर १९४८ पर्यंत; क्युबेकनं मात्र ती जवळपास धरलीच नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू मिळायची, त्यामुळे ओंटारिओत आजारी माणसं अचानक वाढली. मुंबई राज्यातल्या परमिटचे किस्से ज्यांनी ऐकलेत त्यांना नवल वाटणार नाही. गंमत म्हणजे पिणं बंद असलं तरी दारू गाळून परदेशी पाठवणं कायदेशीर होतं. विंडसरच्या धक्क्यावरून वल्ह्यांच्या होड्या 'क्युबाला' म्हणून कागद करून निघायच्या आणि दुपारी परत यायच्या. नदीपलीकडे डेट्रॉइट होतं.

मंदीचा मार प्रेअरी प्रांतांवर एवढा का बसला?

कारण देशाच्या मधल्या गवताळ माळावरच्या या प्रांतांत एकच पीक होतं, गहू, आणि तो जगाला विकायचा होता. १९२९ मध्ये बुशेलला (धान्याचं तिथलं माप) दीड डॉलरच्या आसपास असलेला भाव डिसेंबर १९३२ मध्ये ४० सेंटच्याही खाली आला. कापणी आणि रेल्वेचं भाडंही त्यातून सुटेना. आणि त्याच वर्षांत पाऊस गेला. दक्षिण सस्कॅचेवानचा तो पट्टा शेतीला फार कोरडा आहे, असं पॅलिसर नावाच्या पाहणी करणाऱ्यानं १८६०च्या सुमारालाच लिहून ठेवलं होतं. पण मधली काही वर्षं पाऊस बरा झाला, रेल्वेनं जमीन विकली, लोकांनी गवताळ माळ नांगरून टाकला. आता ती भुसभुशीत माती उडायला लागली.

खिडक्यांच्या फटींत ओल्या चादरी कोंबायच्या. ताटं टेबलावर पालथी मांडायची आणि वाढायच्या क्षणी सुलटी करायची; पालथ्या ताटाची गोल खूण टेबलक्लॉथवर पांढरी राहायची, बाकी सगळं करडं. दुपारी बारा वाजता दिवा लावायचा. मातीमागून टोळ आले. त्यांनी पीक खाल्लं, वाळत घातलेले कपडे कुरतडले. गुरांना चारा नाही म्हणून काटेरी रशियन थिसल हिरवं असतानाच कापून घातलं. १९३७ सर्वांत वाईट. ५ जुलैला मिडेल आणि यलो ग्रास या गावांत ४५ अंश तापमान गेलं, आणि देशातला तो उच्चांक २०२१ पर्यंत मोडला नाही.

मोटारी होत्या, पेट्रोलला पैसे नव्हते. मग इंजिन काढून टाकायचं, पुढे घोडे जुंपायचे आणि त्याला किंग यांच्यानंतर आलेल्या पंतप्रधानांचं नाव द्यायचं: 'बेनेट बग्गी'.

मदत मिळायची, पण नगरपालिकेच्या दारात उभं राहून. रोख क्वचित, बहुधा किराण्याची चिठ्ठी. अनेक ठिकाणी अट असे की मोटारीचा परवाना आणि टेलिफोन आधी सोडा. बाहेरून नुकते आलेले कामगार मदत मागायला गेले तर 'सरकारवर बोजा' म्हणून हजारोंना मायदेशी धाडलं. इतर प्रांतांतून मात्र आगगाडीचे डबे भरून सफरचंदं, भाजी, कपडे आले, आणि पूर्व किनाऱ्यावरून आला खारवलेला कॉड मासा. फळीसारखा कडक. रात्रभर भिजवून पाणी बदलायचं असतं, हे माळावरच्या बायकांना कुणी सांगितलंच नाही. कोकणातला खारा बांगडा मराठवाड्यात वाटावा तसा प्रकार. काहींनी तो तसाच तळला, काहींनी छपराच्या भोकाला ठोकला, अशा गोष्टी अजून सांगतात. बहात्तरच्या दुष्काळातला लाल मिलो ज्यांनी खाल्ला आहे त्यांना त्या बायकांचा चेहरा दिसेल: फुकट मिळालंय म्हणून नावं ठेवता येत नाहीत, आणि घशाखाली उतरत नाही.

बेनेट एवढे बदनाम का झाले? आणि ते पाच सेंटचं नाणं काय?

नाण्याची चूक किंग यांची. एप्रिल १९३० मध्ये सभागृहात ते चिडले आणि म्हणाले की कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या प्रांतिक सरकारांना बेकारीच्या नावाखाली मी पाच सेंटचं नाणंसुद्धा देणार नाही. आयुष्यात एकदाच त्यांनी एका अर्थाचं वाक्य बोललं, आणि जुलैत निवडणूक हरले.

जिंकलेले रिचर्ड बेनेट कॅलगरीचे गर्भश्रीमंत दिसणारे, स्वतः कमावलेले वकील होते. ओटावात हॉटेलात राहायचे. जकातीच्या भिंती उभारून जगाचे बाजार फोडून काढतो, असं त्यांनी सांगितलं. बाजार फुटले नाहीत. १९३२ मध्ये साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांना जकातीत सवलत द्यावी म्हणून त्यांनी ओटावात परिषद भरवली. भारताचंही शिष्टमंडळ गेलं होतं, आणि 'ओटावा करार' हा शब्द आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत पुढे कित्येक वर्षं शिवीसारखा वापरला गेला.

पण हाच माणूस रोज येणारी पत्रं वाचायचा. मुलाला स्वेटर नाही, नवऱ्याला अंतर्वस्त्रं नाहीत, असं लिहिणाऱ्या अनोळखी बायकांना स्वतःच्या खिशातून दोन-पाच डॉलरची नोट पाकिटात घालून पाठवायचा. खिशातून देईल, खजिन्यातून नाही. मला बेनेट यांच्याबद्दल राग आणि कीव आळीपाळीनं येते. जानेवारी १९३५ मध्ये त्यांनी रेडिओवरून एकदम बेकारी विमा, किमान वेतन, कामाचे तास अशा सुधारणा जाहीर केल्या. स्वतःचे मंत्रीसुद्धा थक्क झाले. 'किंग किंवा गोंधळ' अशी घोषणा देत लिबरल पक्षानं त्यांना ऑक्टोबरमध्ये झोपवलं आणि त्यांतले बरेच कायदे १९३७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं रद्द केले. बेनेट इंग्लंडला निघून गेले, तिथेच वारले. परदेशात पुरलेले ते कॅनडाचे एकमेव पंतप्रधान.

वीस सेंटच्या छावण्या काय होत्या?

एकट्या बेकार तरुणांना कुठलंच गाव मदत देईना. ते मालगाड्यांच्या टपावर बसून देशभर फिरू लागले. शहरांत जमले तर विनिपेग पुन्हा होईल, ही भीती. म्हणून १९३२ पासून संरक्षण खात्यानं जंगलांत छावण्या काढल्या. जेवण, कपडे, अंथरूण आणि दिवसाला २० सेंट. त्या बदल्यात रस्ते, झाडतोड, विमानांच्या धावपट्ट्या. आपल्या दुष्काळी कामांवर खडी फोडणारा माणूस संध्याकाळी निदान घरी जायचा. इथे घर नव्हतं, बाई-माणूस नव्हतं, मत नव्हतं, आणि तक्रार एकट्यानं करायची, गटानं केली तर हाकलत. काम तरी खरं असतं तर! एकाच वाटेवरचं बर्फ इकडून तिकडे टाकल्याच्या आठवणी आहेत. चार वर्षांत सुमारे १ लाख ७० हजार तरुण या छावण्यांतून गेले.

एप्रिल १९३५ मध्ये ब्रिटिश कोलंबियातली पोरं छावण्या सोडून व्हँकूवरला आली. दोन महिने मोर्चे, डबे हलवून वर्गणी. कुणी ऐकेना तेव्हा ३ जूनला हजारभर जण मालगाडीच्या टपावर चढले: चला ओटावाला. रॉकी डोंगरातल्या बोगद्यांत इंजिनाच्या धुरानं गुदमरू नये म्हणून तोंडावर ओले रुमाल बांधले. वाटेतल्या गावांनी जेवू घातलं. स्वतःच्या ताटात माती असलेल्या गावांनी. रिजायनाला पोचेपर्यंत संख्या दुप्पट झाली, आणि तिथे सरकारनं गाडी अडवली. आठ जणांना बेनेट भेटले. बैठकीत बेनेट यांनी पुढारी आर्थर 'स्लिम' इव्हान्सना अफरातफर करणारा म्हटलं, इव्हान्सनी त्यांना तोंडावर खोटारडा म्हटलं. बोलणी तिथेच संपली.

१ जुलै, देशाचा वाढदिवस. रिजायनाच्या बाजार चौकात सभा चालू होती. वर्गणी गोळा करायचं आवाहन होत असताना बंद ट्रकांतून पोलीस उतरले. रात्री उशिरापर्यंत रस्त्यांवर मारामारी चालली. एक पोलीस ठार झाला, एक मोर्चेकरी नंतर इस्पितळात मेला. ओटावा काही त्यांना दिसलं नाही. किंग आले आणि पुढच्या वर्षी छावण्या बंद केल्या.

या सगळ्यातून नवे पक्ष निघाले का?

निघाले, आणि तेही तीन दिशांना. वुड्सवर्थ यांच्या नेतृत्वाखाली सीसीएफ हा समाजवादी पक्ष १९३२ मध्ये कॅलगरीत स्थापन झाला. वेबर्नचा तरुण पाद्री टॉमी डग्लस त्यातूनच १९३५ मध्ये खासदार झाला, आणि सरकारी खर्चाच्या दवाखान्याची गोष्ट पुढे त्याच्यापाशी सुरू होते. क्युबेकमध्ये १९३६ साली मॉरिस ड्युप्लेसी नवा पक्ष घेऊन सत्तेवर आले आणि कम्युनिस्ट प्रचाराचा संशय आला तरी घराला कुलूप ठोकायचा कायदा त्यांनी केला.

सर्वांत रंगतदार अल्बर्टा. शाळेचे मुख्याध्यापक आणि रविवारचे रेडिओ-प्रवचनकार विल्यम ॲबरहार्ट यांनी नव्या पक्षातर्फे प्रत्येक प्रौढाला महिन्याला २५ डॉलर देऊ असं सांगितलं आणि ऑगस्ट १९३५ मध्ये ६३ पैकी ५६ जागा जिंकल्या. पैसे कधीच आले नाहीत. १९३६ मध्ये 'समृद्धी प्रमाणपत्रं' काढली. त्या एका डॉलरच्या कागदाच्या पाठीवर दर आठवड्याला एक सेंटचं तिकीट चिकटवलं तरच तो चालू राहायचा. म्हणजे नोट खिशात ठेवली की भुर्दंड. लोक बुधवार यायच्या आत ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघत, आणि सरकारी दारूच्या दुकानातसुद्धा ती घेत नसत.

तिथे भारतीय होते का?

हजार-दीड हजारांच्या घरात, जवळपास सगळे पंजाबी, बहुतेक ब्रिटिश कोलंबियाच्या लाकूड गिरण्यांत. १९०७ पासून त्यांना प्रांतात मत नव्हतं, आणि केंद्राची यादी प्रांताच्या यादीवरून होत असल्यानं तिथेही नाही. मतदार नसलेल्याला वकिली नाही. १९१९ नंतर बायका-मुलांना आणायची परवानगी मिळाली, पण आल्या मोजक्या. व्हँकूवर बेटावर मेयो सिंग यांनी गिरणीभोवती वसवलेलं गाव त्यांच्या होशियारपूरमधल्या गावावरून 'पालदी' झालं. तिथे पंजाबी, जपानी, चिनी आणि गोरी मुलं एका शाळेत जायची.

१९२२ मध्ये या लोकांच्या मताची मागणी घेऊन श्रीनिवास शास्त्री कॅनडात गेले. गोखल्यांच्या मागे पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा त्यांच्याकडे होती. त्यांचं इंग्रजी ऐकून श्रोते खूश झाले, टाळ्या वाजवल्या, आणि मत दिलं नाही. ते मिळालं १९४७ मध्ये. १९२९ मध्ये रवींद्रनाथ टागोर व्हँकूवरला शिक्षण परिषदेसाठी आले, त्यांचंही भरभरून स्वागत झालं. पाहुणा चालायचा, शेजारी नको.

चिनी लोकांचं याहून वाईट. आधी माणशी ५०० डॉलर प्रवेशकर होता. १ जुलै १९२३ पासून दारच बंद. पुढच्या २४ वर्षांत पन्नास जणही आत येऊ शकले नाहीत. त्या दिवशी देश सुट्टी साजरी करायचा आणि चिनी दुकानदार दुकानं बंद ठेवून त्याला 'अपमानाचा दिवस' म्हणायचे.

आणि मूळ रहिवासी?

१९२० मध्ये मुलांना निवासी शाळेत पाठवणं सक्तीचं करता येईल असा बदल इंडियन ॲक्टमध्ये (मूळ रहिवाशांना लागू असलेल्या कायद्यात) झाला. तो रेटणारे अधिकारी डंकन कॅम्पबेल स्कॉट यांना कवी म्हणूनही मान होता. मुलांची भाषा बोलली की मार, केस कापलेले, घर शेकडो मैलांवर, क्षयानं मेलेली कित्येक तिथेच पुरलेली. १९२७ पासून जमिनीच्या दाव्यासाठी परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणंही गुन्हा झालं. म्हणजे वकील करायचीच वाट बंद.

सिक्स नेशन्स या सहा मूळ जमातींच्या संघातले कायुगा जमातीचे प्रमुख डेस्काहे १९२३ मध्ये आपल्या लोकांच्या हक्कांसाठी दाद मागायला जिनीव्हाला राष्ट्रसंघाच्या दारात गेले. काही देशांनी ऐकलं, ब्रिटननं ते मिटवलं. १९२४ मध्ये पोलीस पाठवून त्यांची परंपरागत परिषद बरखास्त केली. डेस्काहे पुढच्या वर्षी वारले. केंद्रातलं बिनशर्त मत या लोकांना १९६० मध्ये मिळालं.

डॉ. कोटणीस यांचा कॅनडाशी काय संबंध?

सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला नाव होतं नॉर्मन बेथून यांचं. बेथून ओंटारिओतल्या ग्रेव्हनहर्स्टचे. स्वतः क्षयातून उठलेले, माँट्रियलचे नावाजलेले छातीचे सर्जन. मंदीत त्यांच्या लक्षात आलं की पैसेवाल्यांचा क्षय बरा होतो आणि गरिबांचा होत नाही. सरकारी खर्चानं सर्वांना उपचार, अशी मागणी त्यांनी १९३६ मध्ये मांडली. माँट्रियलच्या डॉक्टरमंडळींनी ती बाजूला सारली. ते स्पेनच्या यादवी युद्धात गेले, तिथे आघाडीवर रक्त पोचवणारी गाडी सुरू केली, मग चीन. शस्त्रक्रियेत बोट कापलं, विष भिनलं, नोव्हेंबर १९३९ मध्ये गेले. कोटणीस त्या भागात पुढच्या वर्षी पोचले. दोघांची भेट झाली नाही.

निर्वासितांना आसरा दिला का?

जवळपास नाही. जून १९३९ मध्ये ९००हून जास्त ज्यू प्रवाशांचं सेंट लुइस हे जहाज क्युबा आणि अमेरिकेनं नाकारल्यावर कॅनडाकडेही विनंती झाली. किंग तेव्हा राजा-राणीच्या दौऱ्यात गुंतले होते. उत्तर नकार. जहाज युरोपला परतलं आणि त्यातले २५४ जण पुढे नाझींच्या हत्याकांडात गेले.

युद्ध एक आठवडा उशिरा का पुकारलं?

ब्रिटननं ३ सप्टेंबरला, कॅनडानं १०ला. मधले सात दिवस म्हणजे १९१४ पासूनच्या सगळ्या भांडणाचं फळ: आमचं पार्लमेंट ठरवेल. ठरवणार काय हे सगळ्यांना माहीत होतं. वुड्सवर्थ यांच्या स्वतःच्या पक्षानंही त्यांची साथ सोडली होती. पक्षाघातानं खंगलेले ते उभे राहिले आणि युद्धाला विरोध करून खाली बसले. त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे, असं किंग यांनी सभागृहात सांगितलं, आणि ठराव मंजूर झाला.

भरती सुरू झाली. शिपायाला दिवसाला एक डॉलर तीस सेंट, शिवाय बूट. छावण्यांतली पोरं पहिल्याच आठवड्यांत रांगेत होती.